मिस्टर हाइड, मु. पो. कागल

कोल्हापूरला आपण सगळेच जातो. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, रंकाळ्यावर भेळ खायची, तांबडा-पांढरा ओरपायचा, एक चपलांचा जोड उचलायचा आणि रविवारी रात्री परत. त्याच हायवेवर कोल्हापूर मागे टाकून अठरा-वीस किलोमीटर पुढे गेलं की कागल लागतं. तिथे मुद्दाम उतरणारे थोडेच. गोव्याला निघालेली गँग असेल, तर कागलची पाटी दिसल्यावर फक्त एवढंच म्हणते, "चला, आता निपाणी!"

मी मात्र कागललाच गेले होते. मिसळ खायला नाही, कुणाच्या लग्नाला नाही. गेले होते एका इंग्रजी भयकथेमुळे. त्या कथेतला खलनायक मला लंडनपेक्षा कागलमध्ये जास्त चांगला सापडेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. हसू नका. शेवटपर्यंत वाचा.

आधी गोष्ट

'जेकिल अँड हाइड' हा शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो. अप्रेझलच्या आठवड्यात बॉस कसा बदलतो हे सांगायला तर हमखास. पण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ती छोटीशी कादंबरी प्रत्यक्ष वाचलेले कमी. १८८६ साली आली. तशी दोन-तीन तासांत संपते. लोकलमध्ये जाता-येता होऊन जाईल.

आपल्याला माहीत असलेली गोष्ट अशी : सज्जन डॉक्टर जेकिल औषध पितो आणि दुष्ट हाइड होतो. चांगला विरुद्ध वाईट. फायनल मॅच. शेवटी दोघंही आउट.

पुस्तकातली गोष्ट याहून बेरकी आहे. जेकिल हाइडशी लढत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. उलट तो त्याला राहायला घर घेऊन देतो, घरच्या नोकरांना सांगून ठेवतो की या माणसाला आत-बाहेर करू द्या, मृत्युपत्रात सगळी इस्टेट त्याच्या नावे करतो. का? कारण हाइड ही जेकिलची सोय आहे. जेकिलला काही मजा करायच्या आहेत, आणि समाजातलं नावही सांभाळायचं आहे. मग करायचं हाइडनं, आणि सकाळी आरशासमोर उभं राहायचं जेकिलनं. कोरं. परीटघडीचं.

स्टीव्हन्सननं एक पुरावा मात्र पहिल्याच प्रकरणात पेरून ठेवलाय. हाइड रात्री रस्त्यात एका लहान मुलीला तुडवून जातो. लोक त्याला धरतात, भरपाई मागतात. तो आत जाऊन चेक आणून देतो. आणि त्या चेकवर सही असते एका प्रतिष्ठित गृहस्थाची. पुढे एक कारकून हाइडचं आणि जेकिलचं अक्षर शेजारी ठेवून बघतो. वळण तेच, फक्त तिरकेपणा वेगळा.

म्हणजे प्रश्न 'चांगलं की वाईट' हा नाहीच. प्रश्न हा, की सही कुणाची?

हा प्रश्न घेऊन मी एसटीत बसले.

लाल डबा ते गैबी चौक

कोल्हापूरच्या स्टँडवरून कागलला जायला गाड्यांची कमी नाही. निपाणीकडे जाणारी कुठलीही पकडा. उजळाईवाडीचं विमानतळ, मग गोकुळ शिरगावची एमआयडीसी, फाउंड्र्यांच्या शेडी, मध्येच ऊस, पुन्हा शेडी, पुन्हा ऊस. गळीत हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगते आणि खिडकीतून मळीचा आंबूस-गोड वास येतो. तो वास आला की कागल आलं समजायचं. शाहू साखर कारखाना इथलाच.

राजकारणाची आवड असेल तर कागल तुम्हाला वेगळं सांगायला नको. 'राजकारणाचं विद्यापीठ' म्हणतात याला, आणि चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं की का म्हणतात ते कळतं. गावात घाटग्यांचा वाडा आहे, जयसिंगराव तलाव आहे, आणि गावाच्या मधोमध गैबी पीर. त्यावरूनच गैबी चौक. पिराबद्दल पुढे बोलू.

टपरीवरच्या मामांना मी माझा प्रश्न विचारला, "सर्जेराव घाटग्यांचं काही आहे का हो इथे?"

मामांनी कपातला चहा बशीत ओतला. "कंचं सर्जेराव? आमच्या गल्लीतच तीन हाईत. एक कंडक्टर हाय, एक रिटायर झाला, आन् तिसरा माझा मेव्हणा. कुनाला भेटायचं हाय ताई तुमास्नी?"

मी म्हटलं, "सोळा-सतरा वर्षांपूर्वीचे नाही, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे."

"आसं व्हय," मामा म्हणाले. "पुन्याला लुटलं, त्ये?"

हो. तेच.

माणूस

सखाराम घाटगे. कागलच्या घाटगे घराण्यातला. 'सर्जेराव' हा घराण्यात चालत आलेला किताब. भाऊबंदकीत कागल सोडावं लागलं, मग परशुरामभाऊ पटवर्धनांकडे चाकरी, मग नाना फडणवीसांकडे, मग दौलतराव शिंद्यांकडे. आजच्या भाषेत जॉब-हॉपिंग. दर उडीला पॅकेज वाढत गेलं.

सगळ्यात मोठी उडी मुलीमुळे बसली. मुलगी बायजाबाई. जन्म १७८४ चा, दिसायला देखणी. दौलतराव शिंदे तिच्यावर लट्टू झाले. सर्जेरावानं आधी आढेवेढे घेतले, आपलं कूळ शिंद्यांपेक्षा मोठं असं म्हणाला. मग तयार झाला. १७९८ च्या सुरुवातीला पुण्यात लग्न लागलं आणि सासरेबुवा शिंद्यांचे दिवाण झाले.

आता जरा वयं बघा. नवरदेव दौलतराव एकोणिशीच्या आसपास. नवरी चौदाची. आणि पेशवा दुसरा बाजीराव, जन्म जानेवारी १७७५, म्हणजे तेवीस. आपल्या ऑफिसात हे सगळे ट्रेनी म्हणून लागले असते.

पुढे जे झालं ते पुणं अजून विसरलेलं नाही. सर्जेरावानं शहरातल्या पैसेवाल्यांकडून वसुली सुरू केली. आधी नानांच्या गोटातले लोक, जे कैदेतच होते. त्यांना बाहेर काढून फटके मारले. मग सावकार, व्यापारी, ज्याच्याकडे काही असेल असा कुणीही. नानांचे एक नातेवाईक होते गंगाधरपंत भानू. त्यांना तापवलेल्या तोफेला बांधलं. त्यातच ते गेले. कधीकाळी नानांचं मीठ खाल्लेल्या माणसानं हे केलं.

नंतर महादजी शिंद्यांच्या विधवांनी, म्हणजे दौलतरावांच्या आयाच त्या, विरोध केला. तर त्यांनाही त्यानं मारहाण करवली. पुढे ऑक्टोबर १८०१ मध्ये इंदूर लुटलं. १८०९ साली स्वतःही शिंद्यांच्याच लोकांच्या हातून मारला गेला. रडलं असेल कुणी, तर त्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

झाला की नाही परफेक्ट हाइड? रस्त्यात मुलीला तुडवून जाणारा, ज्याला बघूनच अंगावर काटा येतो असा. मी तर हेडिंगसुद्धा ठरवून टाकलं होतं.

पण टपरीवर अजून एक जण बसले होते. रिटायर्ड शिक्षक. सगळं ऐकत होते. मला म्हणाले, "पुण्यासनं आलाय नव्हं? पुण्याच्या लोकांचा आमच्या सर्जेरावावर लई राग. खरं, त्याला वसुलीला लावला कुणी, ते पन लिवा की."

कोल्हापूरकडे 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात. त्या दिवशी तो शब्द मला दोन्ही अर्थांनी लागला.

सही कुणाची?

लावला कुणी? बाजीरावानं.

हिशोब असा होता. पेशवाई मिळवताना बाजीरावानं शिंद्यांना मदतीच्या बदल्यात दोन कोटी रुपये कबूल केले होते. डिसेंबर १७९६ मध्ये गादी मिळाली. ३१ डिसेंबर १७९७ ला नाना फडणवीस शिंद्यांच्या छावणीत कैद झाले, तोही काटा दूर झाला. आता शिंद्यांचे पैसे द्यायचे होते, आणि तिजोरीत खडखडाट. ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय, की पुण्यातल्या श्रीमंतांकडून पैसे काढा आणि त्या कामाला घाटग्यांना लावा, ही आयडिया खुद्द बाजीरावाची. डफ ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. पेशव्याला काळा रंग फासण्यात त्याच्या सरकारचा फायदा होता, हे लक्षात ठेवूनच त्याला वाचायचं. पण कर्ज कुणाचं होतं आणि वसुली कुणासाठी चालली होती, हा साधा हिशोब कुणाच्याही बाजूनं मांडला तरी तोच येतो.

बाजीराव कसा होता? गोड बोलणारा. दिसायला रुबाबदार. देवधर्म, उपासतापास, तीर्थयात्रा, ब्राह्मणांना दक्षिणा. सदाशिव पेठेत बाजीराव रोडवरून जाताना डोळ्यांत भरणारा तो विश्रामबागवाडा १८०७ चा, त्यानंच बांधलेला. हात कायम स्वच्छ. आणि ते स्वच्छ राहावेत म्हणून कागलचा एक माणूस ठेवलेला.

आता जेकिलला आठवा. घर घेऊन दिलेलं. नोकरांना ताकीद दिलेली. चेकवर सही.

माझी चूक कळली का? चूक म्हणजे वाचक म्हणून आपण सगळेच करतो ती. आपण हाइडकडे बघत बसतो, कारण तो भयंकर दिसतो. स्टीव्हन्सनला मात्र जेकिलकडे बोट दाखवायचं आहे. सर्जेराव सज्जन होता, बिचारा होता, असं अजिबात नाही. तोफ त्यानंच तापवली. पण एका माणसातलं वाईट बाहेर काढून दुसऱ्या माणसाच्या अंगावर घालता येतं, आणि मग स्वतःला आपण त्यातले नाहीच असं वाटू शकतं. हे औषध १८८६ च्या आधीपासून मिळत होतं. त्याला बाटली लागत नाही. एक हुद्दा तयार केला की झालं.

आणि साइड इफेक्टसुद्धा तोच. पुस्तकात जेकिलला आधी हाइड व्हायला औषध लागतं. मग एके सकाळी तो औषध न घेताच हाइड होऊन जागा होतो. मग तर भरदिवसा, रीजंट्स पार्कातल्या बाकावर बसल्या बसल्या. सवय झालेली असते.

एप्रिल १८०१. विठोजी होळकर पकडले गेले. बाजीरावानं त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. या वेळी मध्ये सर्जेराव नव्हता. दिवाण नव्हता, वसुली नव्हती. आडोसाच नव्हता. हुकूम थेट पेशव्याचा. विठोजींचे भाऊ यशवंतराव होळकर त्यानंतर पुण्यावर चालून आले, २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशवे-शिंद्यांचा पराभव झाला, बाजीराव पळून इंग्रजांकडे गेला आणि पुढचं आपण शाळेत शिकलोय. १८१८ ला खेळ खल्लास. वर्षाला आठ लाखांची पेन्शन, गंगेकाठी बिठूर, पुन्हा स्नानसंध्या, दानधर्म. १८५१ ला गेला. अंथरुणात.

(योगायोग म्हणून सांगते. आपणच घडवलेल्या राक्षसाला 'हा माझा नाही' म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट, 'फ्रँकेन्स्टाइन', लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती १ जानेवारी १८१८ ला. त्याच दिवशी भीमा नदीकाठी कोरेगावची लढाई चालू होती.)

मी फक्त शीट पाठवते

हे सगळं मला इतकं का लागलं, तर माझी एक मैत्रीण आहे. पुण्यात एका खासगी बँकेत. प्रेमळ बाई. सोसायटीतल्या कुत्र्यांना रोज बिस्किटं घालते, कामवालीच्या मुलीची फी भरते. तिचं काम म्हणजे थकलेल्या कर्जांची यादी बनवायची आणि ती वसुली करणाऱ्या एजन्सीला मेल करायची. पुढे ती एजन्सी काय करते? रात्री फोन, शेजाऱ्यांसमोर तमाशा, बायकोला धमक्या. एकदा एका कर्जदाराचा फोन चुकून थेट तिच्या टेबलावर आला. माणूस रडत होता. त्या दिवशी ती जेवली नाही.

मला म्हणाली, "मी फक्त शीट पाठवते गं. बाकी आमचं काही नसतं."

तिला वाईट म्हणायची माझी हिंमत नाही. तिच्या जागी आपल्यातला कुणीही तेच करतो आणि रात्री ईएमआय भरतो. तिच्या वरच्यांनी टार्गेट दिलंय, त्यांना त्यांच्या वरच्यांनी. पण कागलच्या टपरीवर बसून मला तिचं वाक्य आठवलं आणि बशीतला चहा गार झाला. त्या वसुलीच्या मेसेजवर तिचं नाव नसतं. बँकेचंही नीट नसतं. तापलेली तोफ कुणाचीच नसते.

आणि तेवढ्यात एसटीच्या पाटीवर 'निपाणी' वाचून हसू आलं. कागलपासून निपाणी वीसेक किलोमीटर. दूधगंगा ओलांडली की कर्नाटक. अत्र्यांच्या १९६२ च्या नाटकातला लखोबा लोखंडे याच निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. निदान कोर्टात तरी तो तसं सांगतो. एकच माणूस, रूपं अनेक, फसवलेल्या बायका समोर उभ्या, आणि तोंडात एकच पालुपद. माधव काझी या खऱ्याखुऱ्या भामट्यावरून अत्र्यांनी तो उभा केला आणि प्रभाकर पणशीकरांनी अजरामर केला. जेकिलच्या अख्ख्या कबुलीजबाबाचं मराठी तीन शब्दांत सांगायचं तर नाटकाचं नाव पुरे : 'तो मी नव्हेच'.

रक्ताचा दोष?

जेकिल-हाइडच्या काळात युरोपात एक फॅशनेबल थिअरी होती. वाईटपणा रक्तातून येतो, कवटीच्या आकारावरून ओळखू येतो, वगैरे. हाइडसुद्धा बुटका, माकडासारखा दाखवलाय. ही थिअरी खरी मानली तर कागलच्या घाटग्यांचं पुढे काय व्हायला हवं होतं?

बघू या काय झालं. ज्या बायजाबाईमुळे सर्जेराव दिवाण झाला, तिनं दौलतरावांच्या मृत्यूनंतर १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार स्वतः चालवला. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप तिनं बांधलेला. सर्जेरावाचा मुलगा हिंदुराव पुढे दिल्लीत राहिला, तिथल्या टेकडीवर त्याचं घर होतं. तुमच्यापैकी कुणी दिल्लीत नोकरी करत असेल तर 'हिंदुराव हॉस्पिटल' ठाऊक असेल. ते नाव त्याचं! बापानं पुण्यात माणसांना मरेपर्यंत मारलं, आणि मुलाच्या नावाच्या इमारतीत दिल्लीकर बरं व्हायला जातात. इतिहास कधीकधी सिनेमावाल्यांनाही लाजवतो.

आणि मग याच कागलकर घाटगे घराण्यात, जयसिंगराव आणि राधाबाईंच्या पोटी, २६ जून १८७४ ला यशवंतराव जन्मले. १७ मार्च १८८४ ला ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. हो, तेच शाहू महाराज.

आता गंमत अशी, की सत्ता शाहूंकडे सर्जेरावापेक्षा कितीतरी जास्त होती. वर इंग्रज होते हे खरं, पण कोल्हापुरात महाराजांना अडवणारं कोण होतं? घाणेरडी कामं करायला हाताखाली हवे तेवढे हाइड ठेवता आले असते. पण त्यांच्या मोठ्या कामांची यादी बघितली की एक गोष्ट जाणवते. सगळं उजेडात, आणि सगळं स्वतःच्या नावानं. २६ जुलै १९०२ चा हुकूम घ्या. संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी. महाराज तेव्हा इंग्लंडात होते, राज्यारोहण समारंभासाठी. 'मी नव्हतो, कारभाऱ्यांनी काढला' असं म्हणायची केवढी सोय! पण हुकूम गॅझेटात छापला गेला, महाराजांचा म्हणून. शिव्याही महाराजांनीच खाल्ल्या, आणि भरपूर खाल्ल्या. १९१७ ला मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं, तेही तसंच.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना महाराजांनी हॉटेल काढून दिलं. अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? तर महाराज स्वतः रस्त्यावर गाडी थांबवून प्यायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. हे काम 'एखाद्या योजनेतून' करता आलं असतं. अधिकारी नेमता आला असता. ते स्वतः थांबले. हेही सहीच की एक प्रकारची.

रक्त तेच होतं. गाव तेच होतं. फरक सहीचा.

गुणा, आणि उजेडातलं दुसरं रूप

कागलचा अजून एक माणूस या गोष्टीत बसतो. लेखक आनंद यादव. जन्म १९३५ चा, इथलाच. 'झोंबी' मध्ये त्यांनी आपलं कागलमधलं बालपण लिहिलंय. शिकायचं म्हणून बापाशी केलेली झटापट. त्यासाठी १९९० चं साहित्य अकादमी मिळालं. पण मला इथे आठवली त्यांची 'नटरंग'. रवी जाधवचा २०१० चा सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल, अतुल कुलकर्णीचा. कादंबरी त्याच्या तीस वर्षं आधीची.

रांगडा मजूर गुणा, तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. एका शरीरात दोन माणसं. म्हटलं तर जेकिल-हाइडचाच फॉर्म्युला. पण गुणा आपलं दुसरं रूप लपवत नाही. बोर्डावर, दिव्यांच्या उजेडात, गावासमोर घेऊन उभा राहतो. आणि त्याची जबर किंमत देतो. वाचताना वाटतं, यातलं वाईट कोण? नाचणारा गुणा तर नक्कीच नाही. वाईट ते, जे अंधारात येऊन त्याच्यावर तुटून पडतात, आणि सकाळी पांढरे कपडे घालून हिंडतात.

माणसात दोन-तीन माणसं असणं हा आजार नाहीच मुळी. ऑफिसात एक, घरी एक, मित्रांत एक, असे आपण सगळेच असतो. बिघाड सुरू होतो तो त्यातल्या एकानं केलेलं दुसऱ्यानं नाकारलं की.

गैबी

निघायच्या आधी पिराला गेले. 'गैबी' म्हणजे अदृश्य, लपलेला. आता ऐका : 'हाइड' म्हणजे इंग्रजीत लपणं. स्टीव्हन्सननं नाव मुद्दाम तसं ठेवलं, आणि त्यावर पुस्तकात कोटीही केली. पण कागलचा लपलेला वेगळा. हिंदू त्याला गहिनीनाथ म्हणतात, मुसलमान गैबी पीर. दोन नावं, दोन धर्म, ठिकाण एक, आणि उरूस अख्ख्या गावाचा. कुणी कुणाला 'तो हा नव्हेच' म्हणत नाही.

बाहेर नारळवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, नक्की गहिनीनाथ की पीर?"

त्या म्हणाल्या, "दोन्ही त्योच की. नारळ दिऊ का?"

मी नारळ घेतला. संध्याकाळी तलावाच्या काठी बसून मैत्रिणीला फोन लावला आणि सर्जेरावाची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या एजन्सीविरुद्ध आलेल्या तक्रारी माझ्याच इनबॉक्समध्ये पडून आहेत. वर पाठवायच्या तर खाली माझं नाव टाकावं लागेल."

मी काही सल्ला दिला नाही. ईएमआय तिला भरायचाय. सोमवारी दुपारी तिनं मला एका मेलचा स्क्रीनशॉट पाठवला. बाकीचा मजकूर झाकला होता. दिसत होतं ते फक्त खालचं तिचं पूर्ण नाव.

जाता-येता

कसं जाल : कोल्हापूरहून पुणे-बेंगळुरू हायवेनं दक्षिणेला अठरा-वीस किलोमीटर. कोल्हापूर स्टँडवरून निपाणीकडे जाणाऱ्या एसटी सतत. स्वतःची गाडी असेल आणि उसाचा हंगाम असेल, तर ट्रॉल्यांमागे घाई करू नका.

काय बघाल : गैबी पीर, जयसिंगराव तलाव, गावातल्या जुन्या गल्ल्या. कोल्हापुरात परतताना कसबा बावड्याला शाहू महाराजांचं जन्मस्थळ, लक्ष्मी विलास पॅलेस.

बॅगेत काय : 'नटरंग' किंवा 'झोंबी'. आणि स्टीव्हन्सनचं ते बारीक पुस्तक. जाताना सुरू केलंत तर पुण्याहून कोल्हापूर येईपर्यंत संपतं. सह्यांकडे मात्र लक्ष ठेवा.